लेडीज हिरवी

वाचलं

रेवणसिद्धनं हार्ड डिस्क डब्यातून काढली, वीज जोडली आणि कानाला लावली. नारळ घेताना लावतात तशी.

"बोलती का?" बुद्धघोषनं विचारलं.

"बोलती. टक, टक, आन मग एक उसासा. दादा, हिचं काय खरं न्हाय."

धाराशिवच्या बसस्टँडामागं, गल्लीत, वरच्या मजल्यावर रेवणसिद्धचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बुद्धघोष बेंबळीहून आला होता. कॉम्प्युटरचा डबा पोत्यात घालून, एसटीत मांडीवर धरून. शेजारच्या म्हातारीनं विचारलं होतं, "कोंबड्या हायत का?" तो न्हाय म्हणाला होता, तरी ती उतरेपर्यंत पोत्याकडं बघत होती.

बेंबळीत त्याचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि मुख्य म्हणजे मेलेल्यांचे फोटो.

"बॅकअप?" रेवणसिद्धनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. बॅकअप इचारलं की लोक असं बघत्यात, जसं काय मी हुंडा मागितला. काय पाहिजे तुमाला हिच्यातलं? ते सांगा."

"एक फोटो."

"कुणाचा?"

"पौर्णिमाचा."

रेवणसिद्धनं डिस्क टेबलावर ठेवली, जरा हळू.

पौर्णिमा, बुद्धघोषची बायको, हे रेवणसिद्धला माहीत होतं. ती गेली हेही माहीत होतं. येत्या रविवारी तिचा पहिला स्मृतिदिन. भंतेजी येणार, सासूबाई येणार, गल्ली येणार. सासूबाईंचा, सुमनबाईंचा, फोन रोज येत होता. "जावईबापू, माझ्या लेकीचा फोटो लावला का भितीवर?" तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवर ज्यानं फोटो लावले, त्याच्या घरातल्या भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, आणि त्यांच्याखाली एक मोकळा खिळा.

"मोबाईलमधी न्हाय?"

बुद्धघोषनं मोबाईल काढून दाखवला. एकामागून एक. सगळीकडं एक पंजा. कॅमेऱ्यापुढं धरलेला, बोटं पसरलेला, अस्पष्ट. पंजाच्या मागं कुठं भांडी, कुठं बाभळ, कुठं ढोकीच्या कारखान्याची चिमणी. बाई कुठंच नाही.

"आधार कार्ड?"

"आधार कार्डावरची बाई कुणाचीच नसती, रेवण."

"हे खरं," रेवणसिद्ध म्हणाला.

मग त्यानं पद्धत सांगितली. आधी फक्त वाचायचं, वर काहीही लिहायचं नाही. जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं. त्यानंतर ही पार पुसायची, कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत, म्हणजे खराब जागा आपोआप बाजूला पडतात. मग पुन्हा तपासायची. तग धरला तर नवं विंडोज.

"वाचताना अडकली तर?"

"अडकली तर थांबत न्हाय. 'वाचता आलं नाही' असं लिवती आन म्होरं जाती. सगळं झालं की माघारी येऊन परत बघती. कदी कदी दुसऱ्या खेपेला देती. कदी तिसऱ्या."

"आन न्हाय दिलं तर?"

"तर मग तिथं शून्य, दादा."

वाचता आलं नाही

सोलापूरचा दवाखाना. खिडकीजवळची कॉट. पौर्णिमा हसून म्हणाली,

वाचलं

स्क्रीनवर चौकोन उमटायला लागले. एक-एक, मग भराभर. हिरवा म्हणजे चांगली जागा, लाल म्हणजे खराब.

"शेत समजा," रेवणसिद्ध म्हणाला. "हिरवं ते पीक. लाल तो खडक."

वरची पट्टी हिरवीगार आली. बुद्धघोष स्टुलावर बसून बघत होता. खाली, रस्त्यावर, कुणीतरी रिव्हर्स घेणाऱ्या ट्रॅक्टरला ओरडत होतं. हिरव्यामध्ये एक लाल ठिपका आला आणि डिस्क टकटक करायला लागली.

"आला खडक."

"लई हायत का?"

"आताशी तर बांधावर हाय आपण. च्या सांगू?"

वाचलं

फोटो कसा गेला, ते.

बेंबळीत आणि आसपास म्हातारी बाई गेली की दोन-तीन दिवसांनी मुलगा दुकानात येतो. हातात आधार कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला फोटो. त्यात आई हळदीच्या बायकांमागं अर्धी झाकलेली, तोंडात घास. मुलगा बोट ठेवतो आणि म्हणतो,

"ही. फकस्त तोंड घ्या. बाकी चांगलं करा."

बाकी चांगलं करा, म्हणजे अंग द्या. आयुष्यभर विटक्या लुगड्यात वावरलेल्या आईला मेल्यावर तरी चांगली साडी हवी असते, ताठ खांदे हवे असतात, मांडीवर नीट ठेवलेले हात हवे असतात. या कामाला दुकानात लागते 'बॉडी'. बिनडोक्याचा फोटो. त्यावर तोंड बसवायचं, मानेचा रंग जुळवायचा, मागं निळं आकाश.

पुरुषांच्या बॉड्या सोलापूरहून सीडीवर आल्या होत्या. सफारी, कोट, फेटा. बायकांच्याही आल्या होत्या, पण त्या सगळ्या दागिन्यांनी लगडलेल्या नवऱ्या. पंचाहत्तर वर्षांच्या म्हातारीचं तोंड त्यावर ठेवलं की पोरं हसायची.

दुकान नवं होतं. लग्नही नवं होतं. बुद्धघोषनं पौर्णिमाला सांगितलं, तुझा फोटो काढतो.

तिनं बहिणीच्या लग्नातली हिरवी साडी नेसली, बारीक काठाची. पावडर लावली, वेणी पुढं घेतली, पुन्हा मागं टाकली. दुकानापुढं सावलीत स्टूल ठेवलं. हात कुठं ठेवू म्हणाली. मांडीवर ठेव, एकावर एक, तो म्हणाला. डावा हात वर आला. अंगठ्याजवळ विळ्याचा व्रण होता, माहेरी ज्वारी काढताना लागलेला. तिनं तो झाकायचा प्रयत्न केला, मग विसरली.

फोटो चांगला आला. दुपारी ती चहा घेऊन दुकानात आली तेव्हा स्क्रीनवर साडी होती, खांदे होते, हात होते. मानेच्या वर पांढरं.

"अवो. मी कुठाय?"

"ही काय. तूच हायस."

"माझं मुंडकं?"

"ते नगं होतं."

तिनं चहाचा कप कीबोर्डशेजारी ठेवला आणि हसायला लागली. इतकी हसली, की शेजारचा टेलर बघायला आला. बुद्धघोषही हसला. त्यानं त्या फाईलला नाव दिलं: लेडीज हिरवी.

पण त्यानंतर त्यानं कॅमेरा धरला की पंजा पुढं यायचा. "एकदा मुंडकं उडवलं तेवढं बास. परत म्या फसत न्हाय."

तो मूळ फोटो, डोक्यासकट, त्यानं डिलीट केला होता की कुठं ठेवला होता, हे त्याला आठवत नव्हतं. पुढं डबा बदलला, मॉनिटर बदलला, दुकानाचा पत्रा बदलला, जिल्ह्याचं नाव बदललं आणि सगळ्या पत्रिकांवर उस्मानाबादच्या जागी धाराशिव टाकावं लागलं. डिस्क तीच राहिली.

वाचलं

त्या बॉडीवर पहिली बसली ती गिरिजाबाई. शंभू पाटलाची आई. शंभूनं फोटो मोठा करून घेतला, काचेच्या फ्रेमचा, आणि माजघरात लावला, देवाच्या शेजारी.

हे पौर्णिमाला कळलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती.

"म्हंजे मी आता पाटलाच्या माजघरात बसले?"

"बसलीस."

"रोज हार?"

"रोज."

"गिरिजाबाईंनी मला जितेपणी ओसरीच्या वर बोलावलं न्हाय. पाणी पण तांब्या वर धरून." भाकरी तव्यावर पडली. "आन आता हळदीकुंकू लावत्यात. जरा सांगा त्यांना, माझे पाय पण धुवा म्हणावं."

"पाय न्हाय आले फोटोत. कंबरेपस्तोरच हायस."

"तेवढं चुकलं बघा तुमचं."

मग एकीमागून एक. बायका मरत राहिल्या आणि पौर्णिमा घराघरांत बसत राहिली. सवाशीण गेली असेल तर बुद्धघोष बॉडीवर मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या चढवायचा, नवऱ्यामागं गेली असेल तर काढायचा. हात तेच, मांडी तीच, व्रण तोच. व्रण पुसायला त्याला काही वेळ लागला नसता. पुसला नाही. आधी आळसानं, नंतर सवयीनं.

एसटीनं कुठं जायला निघाले, की खिडकीतून बोट दाखवून पौर्णिमा म्हणायची, "इथं माझा मुक्काम हाय." तामलवाडीला तिच्या चुलत मावशीच्या शेजारच्या आजी वारल्या होत्या. पौर्णिमा कौतुकानं त्यांच्या घरी जाऊन फोटोपुढं उभी राहिली. त्या घरच्या सुनेनं विचारलं, "वळखत व्हता का तुमी आमच्या सासूला?"

"तोंडवळखीच्या न्हाईत," पौर्णिमा म्हणाली, "पण बाकी वळखते."

बाहेर येईपर्यंत तिनं हसू कसंबसं धरून ठेवलं होतं.

पुन्हा प्रयत्न

सोलापूरचा दवाखाना. खिडकीजवळची कॉट. पौर्णिमा हसून म्हणाली, मी गेल्यावर

बुद्धघोष म्हणाला, गप.

वाचलं

ती गेल्यावर बुद्धघोष लोकांच्या घरी जायला लागला.

पूर्वी पत्रिकेचा नमुना दाखवायचा तर तो मोबाईलवर पाठवायचा. आता छापून, पिशवीत घालून, स्वतः घेऊन जायचा. नाव बरोबर आहे का बघा, वेळ बरोबर आहे का बघा. लोक बघायचे. तेवढ्यात तो भिंतीकडं बघायचा.

वर बाई वेगळी असायची. कुणाचं कपाळ रुंद, कुणाचे दात पुढं, कुणाचा एक डोळा बारीक. तो मानेच्या वर बघायचा नाही. हातांकडं बघायचा. चहा येईपर्यंत, चहा संपेपर्यंत. घरातल्या माणसांना वाटायचं, बुद्धघोष लई भाविक माणूस, मेलेल्या माणसाची याद ठेवतो.

उन्हाळ्यात शंभू पाटलाच्या पोरीची पत्रिका होती. शंभूनं त्याला आत बोलावलं. "या की आत, घोषदादा. हितं काय करता ओसरीला?" त्याच्या मनात काही नव्हतं, तो तसा मोकळा माणूस. बुद्धघोष माजघरात गेला.

फोटोला ताजा हार होता. हार हातांवर आला होता.

"जरा सरकवू का?" बुद्धघोषनं विचारलं.

"काय?"

"हार. हात झाकलेत."

शंभूनं स्वतः हार वर केला. मग दोघे शेजारी उभे राहून बघत राहिले.

"एक सांगू का दादा," शंभू म्हणाला, "तोंड फोटोत जरा कडक आलंय. आई अशी नव्हती. पण हात! हात जसेच्या तसे. परवा बहीण आलती, ती त्या हातालाच हात लावून रडली."

"व्हय."

"आन ह्यो व्रण बघितला का? अंगठ्याजवळ. आमचे आबा म्हणायचे, तुझ्या आईनं कदी विळा धरला न्हाय, पाटलीणबाई म्हणून आली आन पाटलीणबाई म्हणून गेली. मग ह्यो व्रण कुठून आला? म्या लई इचार केला. मला आता अंधुक आठवतंय, मी बारका असताना आई रानात गेलती. ज्वारीत. रक्त आलतं. आबांना कुणी सांगितलंच न्हाय." शंभूनं उपरण्यानं काच पुसली. "कष्ट केलेत हो माझ्या आईनं. कुणाला दिसले न्हाईत."

बुद्धघोषच्या हातात पत्रिकेचा नमुना होता. त्यानं तो पुढं केला.

"मुहूर्त बरोबर हाय का बघा," तो म्हणाला.

वाचलं

"दादा, हिकडं बघा." रेवणसिद्धनं स्टूल पुढं ओढलं. "आता ठरवायची येळ आली."

स्क्रीनवर खालचा भाग लाल-हिरवा, कुठं हिरव्यापेक्षा लाल जास्त. डिस्क आता टकटक करत नव्हती, खरवडत होती.

"दोन फोल्डर राह्यलेत. एक 'बॉडी'. म्हंजे तुमचं दुकान. दुसरं 'जुने', त्यात कॅमेऱ्याचे फोटो दिसत्यात, त्या काळातले. दोनी खडकात हायत. एक काढताना दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. कुठलं आधी?"

"जुने."

"इचार करा. 'जुने'त तो फोटो असलच असं न्हाय. 'बॉडी' मातूर हाय, समोर दिसतीया. लेडीज हिरवी. तीच तुमची चालू हाय ना सगळीकडं?"

"जुने."

"बरं," रेवणसिद्ध म्हणाला, आणि 'जुने'वर क्लिक केलं.

'जुने' एक-एक करत निघालं. एका बारशातले फोटो. कुणाची तरी म्हैस, विकण्यासाठी काढलेली. पंचायतीच्या गटाराचं उद्घाटन. टेलर. पुन्हा टेलर. दुकानाची पाटी, ओल्या रंगाची. मग दुकानापुढचं स्टूल. रिकामं. सावली किती पडते ते बघायला काढलेला फोटो.

"हाच दिवस," बुद्धघोष उठून उभा राहिला. "ह्याच्या म्होरला."

पुढचा नंबर नव्हता. त्याच्या पुढचा होता, त्यात कुणाचं रेशन कार्ड. मधला एक नंबर गाळलेला.

रेवणसिद्धनं पुन्हा वरखाली करून पाहिलं. "डिलीट केलाय, दादा. आन त्या जागेवर नंतर कायतरी बसलंय. धा-बारा येळा बसलं आसल. निघणार न्हाय."

बुद्धघोष बसला. स्टुलाकडं बघत राहिला, स्क्रीनवरच्या. सावली बरोबर पडली होती.

"थांबा जरा," रेवणसिद्ध म्हणाला. "जुन्या विंडोजला एक खोड होती. फोल्डर उघडलं की परत्येक फोटोची एक बारकी नक्कल करून ठेवायचं, लपवून. फोटो उडवला तरी नक्कल पडून ऱ्हायची. लोकांना ठाव नसतंय."

त्यानं काहीतरी शोधलं, काहीतरी उघडलं. बारक्या चौकटींची एक ओळ आली. म्हैस, नखाएवढी. टेलर. टेलर. पाटी. स्टूल.

आणि स्टुलावर कुणीतरी.

बुद्धघोषनं चष्मा वर केला आणि नाक स्क्रीनला टेकेल इतका जवळ गेला. हिरवी साडी. मांडीवर हात. आणि मानेच्या वर, जिथं इतकी वर्षं पांढरं होतं किंवा दुसरंच कुणी होतं, तिथं मसुरीच्या डाळीएवढं एक तोंड.

"हीच का?" रेवणसिद्धनं विचारलं.

बुद्धघोषनं मान डोलावली.

"मोठं करू?"

मोठं केलं. तोंडाचे चौकोन झाले. तपकिरी, फिकट तपकिरी, काळा. आणखी मोठं केलं. सहा-सात चौकोन राहिले, त्यात कुणीच नव्हतं.

"बारकं कर," बुद्धघोष म्हणाला. "पयल्यासारखं."

बारकं केलं. ती परत आली.

नंतर 'बॉडी' घेतली. सफारी निघाली, फेटा निघाला. लेडीज हिरवी निम्मी निघाली. वरचं पांढरं, मान, खांदे, पदर. कोपरापाशी रेघा आल्या आणि खाली सगळं राखाडी.

"परत बघू का?"

"बघ."

पुन्हा बघितलं. दोनदा. डिस्कनं एक लांब श्वास सोडला आणि हात काही दिले नाहीत.

पुसलं

रेवणसिद्धची एक पद्धत आहे. पुसायची सगळी तयारी तो करतो, पण शेवटचं बटण दाबत नाही. गिऱ्हाईक समोर नसेल तर डिस्क तशीच ठेवतो, आठवडाभरसुद्धा.

"आमच्यात मातीला पयली मूठ घरच्याची," त्यानं कीबोर्ड बुद्धघोषकडं वळवला. "बाहेरच्यानं आधी टाकायची नसती. तसंच हे. ज्याची डिस्क, त्याचं बोट."

"सगळं घेतलंय ना?"

"निघालं ते घेतलंय. ह्या पेनड्राईव्हवर. आन ती बारकी नक्कल येगळी, दोन ठिकाणी, आन तुमच्या मोबाईलवर पण टाकली. तिला काय आता होत न्हाय."

बुद्धघोषनं बोट बटणावर ठेवलं. या डिस्कवर बेंबळीची लग्नं होती, बारशी होती, पुढाऱ्यांचे वाढदिवस होते, आणि सगळ्या मेलेल्या बायका होत्या. त्यांची तोंडं त्यानं कापून ठेवलेली, एका फोल्डरात, नावानिशी. निघाली तेवढी निघाली.

त्यानं बटण दाबलं.

एक टक्का व्हायला बराच वेळ लागला.

"आता काय लिवतीय ती?"

"शून्य. सगळीकडं शून्य. जिथं लिवता येत न्हाय ती जागा सोडून देती, आन ध्यानात ठेवती की हितं परत यायचं न्हाय."

रेवणसिद्ध जेवायला गेला. बुद्धघोषला पण चला म्हणाला. तो नको म्हणाला. खोलीत तो आणि डिस्क. आता ती टकटक करत नव्हती, खरवडत नव्हती. एकसारखी घरघर.

पुन्हा प्रयत्न: वाचलं

सोलापूरचा दवाखाना. खिडकीजवळची कॉट. हाताला सलाईन, म्हणून तो पंजा वर येऊ शकत नव्हता, आणि मोबाईल बुद्धघोषच्या खिशातच होता. त्यानं तो काढला नाही.

पौर्णिमा हसून म्हणाली, "मी गेल्यावर मला कुणाची बॉडी लावाल?"

बुद्धघोष म्हणाला, "गप."

"गिरिजाबाईंची नगं. त्यांचं माप मोठं हाय."

"गप गं."

"न्हाय, सांगा ना. समद्यांना माझी दिली. मला कुणाची?"

शेजारच्या कॉटवरची बाई झोपली होती. खालून भेळवाल्याची घंटा आली. बुद्धघोष पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागला, तिला चालत नव्हतं तरी. तिनं एक फोड हातात घेतली आणि वास घेत राहिली. उत्तराची वाट बघत होती की नव्हती, कळलं नाही. मग ती फोड तिच्या मुठीतच राहिली आणि तिला झोप लागली.

वाचलं

संध्याकाळी डिस्क पुन्हा तपासली. वाईट जागा जितक्या होत्या तितक्याच निघाल्या, वाढल्या नव्हत्या. "चालंल," रेवणसिद्ध म्हणाला, "पर जिवाचं कायबी हिच्यावर ठिवू नका." त्यानं नवं विंडोज टाकलं. कोरी निळी स्क्रीन आली, कुठंच काही नसलेली, आणि तिनं बुद्धघोषचं नाव विचारलं.

शनिवारी बुद्धघोषनं दुकानात प्रिंटर लावला. चांगला कागद घेतला, चकचकीत नाही, जाड. आणि फोटो आहे त्या मापात छापला. काही वाढवलं नाही, चेहरा घासून गुळगुळीत केला नाही, मागं निळं आकाश टाकलं नाही. काडेपेटीपेक्षा लहान. तो मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मधोमध चिकटवला, आणि पुठ्ठा गिरिजाबाईच्या फ्रेमसारख्याच मोठ्या फ्रेममध्ये बसवला.

रविवारी सुमनबाई सकाळीच आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी. दारातून भिंतीकडं बघितलं आणि थांबल्या.

"जावईबापू, कोरीच फ्रेम लावली का?"

"जवळ जावा, आत्या."

त्या गेल्या. आणखी जवळ गेल्या. मग भिंतीला हात टेकवला. मागं न वळता म्हणाल्या, "पावडर जास्ती झालीया. म्या सांगितलं व्हतं तिला."

वंदना झाली, पंचशील झालं. भंतेजी बोलले. मेणबत्त्या लावल्या. मग एक-एक माणूस फुलं वाहायला उठलं, आणि प्रत्येक माणूस फ्रेमपाशी जाऊन वाकलं. लांबून कुणालाच काही दिसत नव्हतं. पाच फुटांवरून ती हिरवा ठिपका होती. चष्मेवाल्यांनी चष्मे काढले, बिनचष्म्याच्यांनी डोळे बारीक केले. भिंतीपाशी रांग लागली आणि ती हळूहळू सरकत राहिली.

खीर वाढत असताना शंभू पाटील आला. चपला काढल्या, दारातच उभा राहिला, हात जोडले.

"या आत," बुद्धघोष म्हणाला. "तिथून दिसणार न्हाय."

शंभू आत आला. भिंतीपर्यंत आला. वाकला. त्याचा श्वास काचेवर उमटला, त्यानं उपरण्यानं पुसला.

"घोषदादा, आख्ख्या गावाचे एवढाले फोटो केले तुमी. आन वहिनीचा एवढुसा?"

"एवढाच हाय."

"सोलापुरात एक जण हाय. कसला बी फोटो मोठा करून देतो. माझ्या वळखीचा हाय, आजच—"

"मोठा केला की ती जाती."

शंभूला कळलं नाही. तो पुन्हा वाकला. या वेळी जरा जास्त वेळ. "साडी मातूर आमच्या आईच्या फोटोतल्यासारखी हाय," तो म्हणाला. "हिरवी. बारीक काठाची."

"व्हय. तसलीच."

"हात न्हाय दिसत नीट."

बुद्धघोष खिरीचं पातेलं धरून उभा होता. सुमनबाई चुलीपाशी होत्या. गल्लीतली माणसं जेवत होती. सांगायला एक वाक्य लागलं असतं. शंभूच्या माजघरातला हार, त्याच्या बहिणीचं रडणं, ज्वारीतलं रक्त, सगळं त्या वाक्यात बसलं असतं.

"तुमच्याकडच्या फोटोत दिसत्यात की," तो म्हणाला. "कदी बघायला येत जाईन."

"या की. कदीबी या," शंभू म्हणाला, आणि खीर घ्यायला बसला.

दुपारनंतर सगळे गेले. सुमनबाईंना त्यानं एसटीत बसवून दिलं. घरी येऊन भांडी पालथी घातली, सतरंजी झाडली, मेणबत्त्यांचं मेण नखानं खरवडलं. मग खुर्ची ओढून बघितली. खुर्चीवरून ठिपकाच दिसत होता. खुर्ची आणखी पुढं घेतली. तरी ठिपकाच.

त्यानं खुर्ची बाजूला ठेवली आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.